रुमाल टाकणारा जंतू

कॉलऱ्याच्या जंतूकडे भाला असतो. खोटं वाटतंय ना? पण असतो! टोकदार, विषारी, आणि स्प्रिंगवर बसवल्यासारखा. जंतूचा आकार पुस्तकातल्या स्वल्पविरामासारखा आणि माप त्या स्वल्पविरामाच्या हजार पट लहान. एवढंसं ते प्रकरण माणसाच्या आतड्यात शिरतं, शेजारच्या जंतूला खेटून उभं राहतं आणि खट्! भाला आरपार. शेजारी फुटला की हा पठ्ठ्या आपला भाला सुटा करतो, त्याच तुकड्यांचा नवा जुळवतो आणि पुढच्याकडे वळतो. भंगारात काही जात नाही!

पद्मजा मगदूम हे रोज बघायची, मिरजेतल्या एका लॅबमध्ये. पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची चिप, तिच्यात माणसाच्या खऱ्या पेशींचं वाढवलेलं आतडं, त्यात खरे जंतू. आणि समोर भिंतभर पडदा. पाच वर्षं झाली बघत होती, तरी भाला सुटला की तिच्या तोंडून आपोआप "आई गं, काय मारला!" निघायचंच.

"पद्मजा, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?" बारगीर मॅडम विचारायच्या. डॉक्टर शहनाज बारगीर, लॅबच्या प्रमुख. मिरजेत त्यांच्या नावाला वजन होतं आणि त्यांच्या आवाजाला त्याहून जास्त.

"माणसांच्याच, मॅडम. पण याचं डोकं बघा की!"

"त्याला डोकं नाही."

"तेच तर! डोकं नसून एवढं!"

आणि खरंच बघा ना. आपलं आतडं म्हणजे आधीच खच्चून भरलेली गाडी. कोट्यवधी जंतू आपापल्या जागा धरून बसलेले, खाणं वाटून घेतलेलं, नव्याला पाय ठेवायला फट नाही. बहुतेक रोग आत शिरूनही याच गर्दीमुळे हात हलवत परत जातात. आपण आजारी पडत नाही त्यातलं अर्धं श्रेय या जुन्या बिऱ्हाडकरूंचं. पण कॉलरा आला की आधी भाला काढतो. शेजारी फुटायला लागले की आतड्याची भिंत बिथरते, जोरजोरात पिळवटायला लागते आणि स्वतःच्याच जुन्या बिऱ्हाडकरूंना बाहेर ढकलते. म्हणजे घरमालकाकडूनच भाडेकरू काढून घ्यायचे! मग मोकळ्या जागेत हा पसरतो, विष सोडतो, आणि अंगातलं पाणी नळ सोडल्यासारखं वाहायला लागतं.

पण पद्मजाचा सगळ्यात लाडका भाग याच्या पुढचा. हे जंतू शिरगणती करतात! प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो. थोडेच असले तर त्याचा वास विरळ, खूप झाले की दाट. तो एका हद्दीपलीकडे दाट झाला की सगळ्यांना एकदम कळतं, झालो बाबा पुरेसे. मग विष बंद. भिंतीला धरलेले हात सोडायचे आणि वाहत्या पाण्याबरोबर बाहेर पडायचं, जिवंत, पुढचं पोट शोधायला.

हे तिनं एका रविवारी गावी जाऊन आत्तीला सांगितलं होतं. आत्ती म्हणजे त्रिशला मगदूम, पद्मजाची आत्या. आईबाप लवकर गेले तेव्हापासून हिनंच तिला वाढवलेलं. कुरुंदवाड-सांगली गाडीवर आत्तीनं कंडक्टरकी केली, रिटायर झाली, तरी आवाज अजून मागच्या शिटेपर्यंत पोचणारा.

"म्हंजे गाडी फुल्ल झाली की आपणहून उतरत्यात?" आत्ती म्हणाली. "शहाणी हाईत की! आमच्या गाडीतली माणसं दारात लोंबायची, पर उतरायची न्हाईत."

"अगं पण फुल्ल होईस्तोवर माणूस मरायला टेकतो ना."

"मग फुल्ल व्हायच्या आदीच फुल्ल दाखवायची. खिडकीतनं रुमाल टाकायचा!"

आत्तीनं ते चेष्टेत म्हटलं आणि शेंगांची चटणी वाढायला उठली. पद्मजाचा घास मात्र हातातच राहिला. आपल्याकडे एसटी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल आत टाकतात, आणि मग त्या जागेवर कुणी नसलं तरी कुणी बसत नाही. माणूस नाही, वजन नाही, फक्त एक फडकं. पण जागा गेली ती गेली!

पुढची तीन वर्षं तिनं आणि बारगीर मॅडमनी तेवढंच केलं. दह्यातला एक गरीब, निरुपद्रवी जंतू घेतला आणि कॉलऱ्याचं ते शिरगणतीचं रसायन बनवायची कला त्याला शिकवली. तो पोटात चार-सहा दिवस राहतो, मग आपोआप मरतो. भाला नाही, विष नाही. नुसता वास सोडत हिंडतो, "फुल्ल! फुल्ल!" कॉलरा येतो, वास घेतो, त्याला वाटतं इथं आपलीच एवढी गर्दी झालीय, आणि भाला न उचलता पुढच्या स्टॉपला उतरतो. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब होतं. लॅबमध्ये सगळे त्याला रुमालच म्हणायचे.

त्या वर्षी पूर भाद्रपदात आला. आता पावसाचा काही नेमच राहिला नव्हता. कृष्णा आत्तीच्या शिरटीवाडीत शिरली आणि अख्खं गाव टेकावरच्या मंगल कार्यालयातल्या कॅम्पात गेलं. आत्तीही गेली. दोन दिवसांत तिथं कॉलरा लागला, आणि तोही कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा नवा वाण. ओआरएस आणि सलाईन एवढाच आधार, आणि सलाईन येणार कसं तर ड्रोननं, वारा पडला की.

"मॅडम, कॅप्सूल आहेत की आपल्याकडे," पद्मजा म्हणाली. "डबाभर तरी आहेत."

"कॅम्पात माणसं डबाभर आहेत का?" मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. "इकडे ये. हे बघ आणि मग बोल."

मॅडमनी दोन चिपा एका नळीनं जोडल्या होत्या. पहिल्या आतड्यात रुमाल, दुसऱ्यात नाही. कॉलऱ्याचे जंतू पहिल्यात आले, वास घेतला, शहाण्यासारखे उतरले आणि नळीतून दुसऱ्यात शिरले. आणि तिथं काय धुमाकूळ! एका पोटातून ताजे उतरलेले जंतू शिळ्यांपेक्षा कितीतरी तिखट असतात. दुसरं आतडं बघता बघता पिळवटून गेलं.

"रुमाल मारत नाही, पद्मजा. दुसरीकडे पाठवतो," मॅडम म्हणाल्या. "ज्याला दिला तो वाचेल, त्याचा शेजारी जास्त पक्का मरेल. म्हणून द्यायचा तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. परवानगी देणाऱ्या कमिटीनंही हेच लिहून दिलंय. डबा कुलपात."

पद्मजाला पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. पण आत्तीचं हृदय आधीच कमजोर होतं. अंगातलं पाणी गेलं तर पहिल्याच झटक्यात ती... आणि नेमकी त्या दिवशी डबा कुलपात ठेवायचं काम पद्मजाकडेच होतं. तिनं एक कॅप्सूल काढली. ओआरएसच्या खोक्यात, आत्तीचं नाव घातलेल्या पाकिटात टाकली आणि फोन केला, "आत्ती, ड्रोननं पाकीट येईल. त्यातली गोळी गिळ. कुणाला बोलू नको."

"कसली गोळी गं?"

"रुमाल."

पद्मजानं फोन ठेवला. पण आत्तीच्या शेजारी कोण कोण झोपत असेल, तेही तिला चेहऱ्यानिशी दिसत होतं.

आणि मग अजबच झालं. दोन दिवस कॅम्पातून वाईट बातम्या आल्या, आणि तिसऱ्या दिवशी मालनताईंचा फोन. मालनताई कॅम्पातल्या नर्स.

"मॅडम, नवीन पेशंटच न्हाई!" त्या स्पीकरवर ओरडत होत्या. "कालच्यानं एकबी न्हाई! जुनी पण उठून बसालीत. पोरं दंगा कराल्यात!"

बारगीर मॅडम खुर्चीतून उठल्याच. "असं कसं होईल? एवढ्या गर्दीत लागण आपोआप थांबत नाही."

पद्मजा मात्र बाहेर व्हरांड्यात गेली आणि आत्तीला फोन लावला.

"आत्ती, ती गोळी घेतलीस ना?"

"गोळी कुठली घेतोय?" आत्ती कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी पुरुषी रूपात बोलायची. "त्या कॅप्सूलचं कवच कशाचं असतंय ते मला ठाऊक न्हाई व्हय? जनावराच्या हाडाकातड्याचं! आणि आत्ता दशलक्षण पर्व चालू. तुला जरा तरी लाज?"

पद्मजानं कपाळावर हात मारला. जिलेटिन! मगदुमांच्या जैन घरात वाढून, पाच वर्षं त्या कॅप्सूल हाताळून, तिला हे एकदाही सुचलं नव्हतं.

"मग टाकून दिलीस?"

"टाकतोय कशाला? तू एवढी धाडलेली. फोडलो आणि आतली पूड कोमट दुधात घातलो, म्हटलं पिऊन टाकावं. तवर शेजारच्या भीमगोंडाच्या नातीला उलटी झाली, तिकडं पळालो. येईस्तोवर सूर्य बुडाला. मग कसं पिणार? सकाळी बघतोय तर काय, भांड्यात घट्ट दही! इतकं गोड दही मी जन्मात बघितलो न्हाई."

"खाल्लंस?"

"दही कसं खाऊ? पर्वाला मी दही सोडलोय न्हवं! पर टाकायचं तरी कसं? हितं दुधाच्या पिशव्या ढीगभर आल्यात आणि विरजण कुणाकडंच न्हाई. एकीनं मागितलं, तिला दिलो. तिनं दुसरीला दिलं. आता अख्खं कार्यालय दही खातंय. भीमगोंडाअण्णा तर वाटीवर वाटी हाणतोय."

पद्मजा व्हरांड्यातल्या बाकावर बसलीच. आधी तिला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. एक कॅप्सूल! डब्यातली एक कॅप्सूल, आणि विरजणावर विरजण लागत ती शेकडो पोटांत पोचली होती. जे काम कमिटीच्या दहा बैठकांना जमलं नसतं ते वाटी घेऊन शेजारी जायच्या सवयीनं दोन दिवसांत केलं होतं.

मग एकदम तिचं हसू थांबलं. सगळ्यांनी खाल्लं. आत्तीनं नाही.

ती सरळ आत गेली आणि मॅडमना सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"तुला कळतंय तू काय केलंस?" मॅडमनी विचारलं. "बनवलेला जिवंत जंतू, परवानगीशिवाय, दह्यातून, गावभर. चौकशी होईल. कुणाचं नाव लिहू?"

"माझंच, मॅडम."

"तुझंच लिहिणार आहे. आणि डबा तुझ्या हातात दिला म्हणून माझंही." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आता ऐक. दुधात वाढताना त्यानं रसायन बनवणं सोडलं असेल तर? जंतू आळशी असतात, नको ते ओझं पहिलं टाकून देतात. तसं असेल तर हा नुसता योगायोग आणि दही नुसतं दही. पट्ट्या घेऊन जा, तपास. आणि ज्यांनी खाल्लं नाही ते आधी शोध. आता सगळ्यात जास्त धोका त्यांना आहे."

"एकच आहे, मॅडम. मला ठाऊक आहे कोण."

बचाव पथकाच्या बोटीतून उतरून पद्मजा कार्यालयात शिरली तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. स्टेजवर, जिथं एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात, तिथं पातेल्यांची रांग लागलेली. भीमगोंडाअण्णा हातात वाटी घेऊन तिथंच उभे होते. चांगला दांडगा गडी, आत्तीचा शेजारी.

"या शास्त्रज्ञ! दही घ्या, दही! आमच्या त्रिशलाअक्काच्या हातचं. पोटात गेलं की नुसतं गारेगार!"

पद्मजानं पिशवीतून पट्टी काढली आणि पातेल्यात बुडवली. रुमालाचं रसायन असलं तर पट्टी निळी होते. अण्णा वाकून बघत होते. पट्टी पांढरी, पांढरी... आणि मग टोकाकडून शाई सांडावी तशी निळी व्हायला लागली. पुढच्या पातेल्यातली निळी, त्याच्या पुढच्यातलीही. हातोहात, भांड्याभांड्यातून, इतक्या विरजणांनंतरही त्या एवढ्याशा जंतूनं आपलं शिकवलेलं काम सोडलं नव्हतं!

"शाब्बास रे!" पद्मजा पातेल्याला म्हणाली.

"मला म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हालापण! आत्ती कुठाय?"

अण्णांचा चेहरा उतरला. "मागच्या खोलीत. सकाळी तुझा फोन झाला आणि लागलंच तिला. एकटीलाच. सगळ्यांची उलटी-हगवण काढली तिनं, आणि आता बघ."

आत्ती गादीवर होती. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, हाताला सलाईन. तिचा तो मागच्या शिटेपर्यंत जाणारा आवाज उशीपर्यंतसुद्धा येत नव्हता.

"कशाला आलीस गं पाण्यातनं?" ती पुटपुटली.

मालनताईंनी पद्मजाला दाराबाहेर नेलं. "ही शेवटची बाटली. दुसरी उद्या उजाडल्यावर यायची. तवर तोंडानं घेत राहिली तर निभंल. पर सूर्य बुडला की आत्ती पाण्याचा थेंब घेत न्हाईत. मी लई सांगून बघितले. सांजच्या आत कायतरी करायला पायजे, बाई."

"रुमाल गेला पोटात तर विष थांबेल. आता दिला तर रात्रभरात फरक पडेल."

"मग द्या की!"

"त्यांनी दही सोडलंय."

मालनताईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "ओआरएसच्या ग्लासात दोन चमचे ताक घाला. गढूळ तर गढूळ. त्येंला आत्ता चव कुठली कळतीय? जीव वाचंल. पुण्यच लागंल तुमाला."

पद्मजानं ग्लास घेतला. दोन चमचे घातले. ढवळले. खरंच कळत नव्हतं. ती आत गेली, आत्तीच्या मानेखाली हात घातला, ग्लास ओठांशी नेला. मघाशी मॅडमसमोर खरं बोलताना तिला एवढं जड गेलं नव्हतं. जिनं तिला 'तिकीट न काढता उतरायचं नाही' हे पहिलं शिकवलं तिलाच फसवून वाचवायचं होतं.

आत्तीनं डोळे उघडले. "ह्यात काय हाय?"

म्हणायचं होतं 'ओआरएस'. तोंडातून निघालं, "ताक."

"मग कड्याला ठेव."

"आत्ती, ऐक ना. ताक नको तर दूध घे. मी दुधात एक चमचा विरजण टाकते, तू लगेच पी. लागायच्या आत. म्हणजे ते दूधच झालं की!"

आत्तीच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. "कुरुंदवाडला सांगलीच्या गाडीत बसलेला माणूस मधी उतरला, म्हणून तो सांगलीचा पॅसेंजर न्हवता? विरजण पडलं की दूध दह्याच्या वाटंला लागलं. मला शिकवू नगंस."

"अगं जीव जाईल तुझा!"

"गेला तर गेला. व्रत मोडून राखलेला जीव काय करायचाय? आणि रडू नगंस. नाक पूस आधी."

पद्मजानं नाक पुसलं. आणि मग तिनं तेच केलं जे ती पडद्यासमोर करायची. आत्तीला सांगायला लागली. सगळं, पहिल्यापासून. मॅडमच्या दोन चिपा, मधली नळी, ताजे उतरलेले तिखट जंतू. आत्ती डोळे मिटून ऐकत होती.

"म्हणजे रुमाल त्यांना मारत न्हाई?" मध्येच तिनं विचारलं.

"नाही. फक्त सांगतो, जागा नाही."

"मग ही सगळी उतरून जात्यात कुठं?"

"जिथं रुमाल नाही तिथं. आत्ती, कार्यालयातली एकूण एक गाडी आता फुल्ल आहे. एकच रिकामी आहे."

आत्तीनं डोळे उघडले.

"तुझी," पद्मजा म्हणाली. "सगळे तुझ्याकडेच आलेत. आणि तुझ्यात ते वाढतायत, कोटींनी. रुमाल तर चार-सहा दिवसांचा. तो उठला की अण्णांची नात परत रिकामी, मालनताई रिकाम्या. आणि जंतू कुठून निघणार? तू एकटी गाडी नाहीस आता. तू त्यांचा डेपो झालीयस."

दारात भीमगोंडाअण्णा येऊन उभे होते, मांडीशी नातीला धरून. पोरीच्या ओठांवर दह्याची मिशी.

आत्ती त्या मिशीकडे बघत राहिली. मग खिडकीकडे. ऊन पिवळं झालं होतं, पण होतं.

"आधी ह्ये का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली. "मगापासून नुसतं 'तुझा जीव, तुझा जीव'. माझ्या जीवाचं काय मोठं? डेपोत रोग ठेवून गाड्या सोडायच्या व्हय? आण ती वाटी."

"ताक की दूध?"

"दहीच आण की सरळ! मोडायचं तर उघड मोडीन. चोरून कशाला? प्रायश्चित्त काय ते मी बघतो."

आत्तीनं हात जोडले, ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हटला आणि पद्मजाच्या हातून चार चमचे दही खाल्लं. पाचव्याला म्हणाली, "गोड हाय खरं." मग उरलेल्या उन्हात मालनताईंनी तिला घोटघोट ओआरएस पाजलं. शेवटचा घोट आणि शेवटचं ऊन जवळजवळ बरोबरच संपलं.

सकाळी पद्मजानं खिशातला सूक्ष्मदर्शक काढला, आत्तीच्या नमुन्याचा थेंब काचेवर ठेवला आणि फोनच्या पडद्यावर बघितलं. आणि अहाहा! पाच वर्षं चिपमध्ये बघितलेलं, पण खऱ्या माणसातलं पहिल्यांदाच. भिंत सोडून सुटे झालेले हजारो स्वल्पविराम, एकेक शेपटी फिरवत, झपाझप पोहत निघालेले. कुणी भाला उचलला नव्हता. कुणी कुणाला मारलं नव्हतं. एका दह्याच्या वासावर अख्खी फौज आपणहून उठून चालली होती. पद्मजाच्या अंगावर काटाच आला, इतकं ते सुंदर होतं.

रात्रभरात आत्तीची हगवण उतरत उतरत थांबली होती. नाडी हाताला लागत होती. सलाईन घेऊन येणाऱ्या ड्रोनची घरघर बाहेर ऐकू यायला लागली, आणि फोनवर बारगीर मॅडमचा निरोप आला: चौकशी समिती सोमवारी येते, सगळी पातेली सील करून ठेव, आणि आत्ती कशा आहेत ते आधी कळव.

"बघू," आत्ती म्हणाली. आवाज आता निदान दारापर्यंत पोचत होता. पद्मजानं फोन तिच्यापुढं धरला.

"हीच व्हय ती? केवढीशी! आणि केवढी घाई!" आत्ती कौतुकानं बघत राहिली. "सगळी जिवंत हाईत?"

"सगळे."

"ह्यांचं मूळ घर कुठलं गं? माणसाच्या पोटात तर मुक्कामालाच येत्यात."

"खाडीत, आत्ती. समुद्राला नदी मिळते तिथं. बारीक बारीक झिंग्यांच्या कवचावर बसून असतात. तिथं ते कुणालाच त्रास देत नाहीत."

"मग बरं. कृष्णामाई समुद्रालाच जाती न्हवं? पोचतील हळूहळू घरला." आत्तीनं समाधानानं मान उशीवर टेकली. "आपल्यामुळं एक जीव गेला न्हाई."

खिडकीच्या अगदी खाली मालनताई संडासाच्या खड्ड्यात ब्लीचिंग पावडरचं पोतं रिकामं करत होत्या. कालचा अख्खा दिवस पद्मजानं खऱ्यापासून माघार घेतली नव्हती. आता ती उठली आणि पावडरचा वास आत येऊ नये म्हणून हळूच खिडकी लावून घेतली.

"हो आत्ती," ती म्हणाली. "पोचतील."